सान्निध्य आणि अंतर

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार स्थळांना निसर्गाने, इतिहासाने आणि व्यापारउदिमाने दिलेले वैभव काही थोडे नाही. परंतु तीन-चार पिढ्यांच्या मराठी थट्टेत ही नावे ज्या कारणाने घेतली गेली, त्याचा त्या वैभवाशी सुतराम संबंध नाही. पत्त्यांच्या डावात भलतेच पान टाकणाऱ्या गड्याला किंवा बेरजेत वारंवार चुकणाऱ्या कारकुनाला मित्रांनी ‘आता याला ठाण्याला पोचवला पाहिजे’ असे म्हणावे, साऱ्या बैठकीने हसावे, आणि त्याच बैठकीत ज्याचा सख्खा भाऊ खरोखरच तेथल्या वेड्यांच्या इस्पितळात असेल त्यानेही इतरांच्या बरोबरीने हसावे, हा प्रकार आपल्या मध्यमवर्गीय जीवनात इतका अंगवळणी पडला होता, की त्या शेवटच्या हसण्याची किंमत कोणी कधी विचारात घेतली नाही. त्या गृहस्थाला हसणे भाग होते. कारण न हसणे ही एक प्रकारची कबुलीच ठरली असती, आणि त्या कबुलीनंतर घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी कोठे अडतील, याचा त्याला पुरता अंदाज होता.

या थट्टेमागे सरकारचे एक धोरण होते, आणि ते माणसाला दूर नेऊन ठेवण्याचे होते. मनोरुग्णांविषयीचा १८५८ चा कायदा आणि त्यानंतर १९१२ साली आलेला कायदा हे दोन्ही मुळात बंदोबस्ताचे कायदे. १९१२ च्या कायद्यान्वये नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे दरखास्त द्यावयाची, तिला दोन डॉक्टरांचे दाखले जोडावयाचे, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावयाचा आणि मग ते माणूस इस्पितळाच्या हवाली व्हावयाचे. रस्त्यात भटकणाऱ्या निराधाराला तर पोलिसांनीच धरून कचेरीत उभे करावयाचे. रोग्याचे दुःख कोणते, या विचारपुशीला ज्या दप्तरात रकानाच नव्हता, अशा या कारभाराखाली आपण ऐंशी वर्षे काढली. कारण १९८७ साली संमत झालेला नवा कायदा अमलात येण्यास १९९३ साल उजाडावे लागले. १९०१ सालापासून उभे असलेले ठाण्याचे इस्पितळ घ्या, किंवा अडीच हजारांवर खाटांचे येरवड्याचे घ्या, तेथे मनोभावे सेवा करणारी माणसे होती आणि आजही आहेत; चारही ठिकाणच्या मिळून ५,६९५ खाटांनी कितीएक अनाथांना छप्पर आणि दोन वेळचे अन्न दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु भिंत उंच असली की आतली सेवा बाहेर दिसत नाही आणि बाहेरचे जग आत पोचत नाही. बरे झालेल्या माणसाला न्यायला कोणी येत नाही, घरचा पत्ता बदललेला असतो, पाठवलेली पत्रे परत येतात, आणि ज्याचा आजार वर्षा-दोन वर्षांचा होता त्याचा मुक्काम जन्माचा होऊन बसतो.

दूर धाडण्याच्या या रीतीचा निषेध करू लागले, की आपल्याकडील लेखक आणि वक्ते सहसा एका रम्य चित्राकडे वळतात. पूर्वी एकत्र कुटुंबे होती, संध्याकाळी ओटीवर चार माणसे बसत, पारावर गप्पा होत, एकादशीला देवळात भजन होई. त्यामुळे मनातले मनात कुजत नसे आणि वेड्या-वाकड्यालाही घरात जागा असे, असे ते चित्र असते. ते अगदीच खोटे नाही. पण पुरते खरे आहे असेही मला म्हणवत नाही. आमच्या आजोळी, कोकणातल्या त्या ऐसपैस घरात, माजघराला लागून असलेल्या एका अंधाऱ्या खोलीत आईच्या एका चुलत आत्येने आपले उत्तरायुष्य काढले. तिला दोन वेळचे ताट वेळेवर मिळे, दिवाळीला नवे लुगडे मिळे, नरकचतुर्दशीला तिच्याही डोक्यावर तेल थापले जाई आणि तिच्यावर कधी कोणी हात उगारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ऐपत नसताना तिला एकदा गाणगापूरला नेऊन आणले होते. वैद्य झाले, देवऋषी झाला, उतारे झाले. गावात तिची हकिकत कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. पण आल्यागेल्या पाहुण्याने त्या दारावरून जाताना नजर खाली घालावी, असा त्या घराचा एक अलिखित रिवाज होता. तिच्याशी बोलली गेलेली वाक्ये मी आज आठवू लागतो तेव्हा ती सारी आज्ञार्थी निघतात: जेवून घे, दार लोटून घे, आत जा. त्या उंबरठ्यावर घटकाभर बसून तिला काय दिसते, काय ऐकू येते, कशाचे भय वाटते, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही, आणि सुचले असते तरी उत्तर ऐकल्यावर पुढे काय करावयाचे हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. ठाण्याच्या इस्पितळात ती गेली असती तर शंभर मैल दूर गेली असती. घरात राहून ती चार हातांवर होती, आणि तरी तिच्यापर्यंत पोचण्याची वाट कोणाला सापडली नाही. घरची माणसे दुष्ट नव्हती. आपुलकी ही उपजत वृत्ती असली तरी व्याधिग्रस्त मनाच्या जवळ बसणे ही विद्या आहे, आणि ती शिकावी लागते, एवढेच त्या घराला कोणी सांगितले नव्हते.

ती शिकवता येते, याचा आपल्या देशातील एक उत्तम दाखला स्वातंत्र्यानंतरच्या काळात अमृतसरच्या मनोरुग्णालयात मिळाला. १९५० नंतरच्या दशकात तेथील अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी, रोग्याला दारात सोडून परतणाऱ्या नातेवाइकांना थांबवून घेतले आणि रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रोग्यांसह त्यांच्या राहण्याची तजवीज केली. खाटा अपुऱ्या होत्या, गर्दी फार होती, ही अडचण तर होतीच. पण त्या अडचणीतून जे निघाले ते मोठ्या योजनेतूनही निघाले नसते. घरच्या माणसांना आजाराची लक्षणे समजावून दिली जाऊ लागली. शेजारच्या तंबूतला परवापर्यंत बरळणारा मुलगा आज हंड्याने पाणी भरतो आहे, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी दिसू लागले. आणि ती घरी परतली तेव्हा गोळ्यांच्या पुडीबरोबर थोडे ज्ञान आणि पुष्कळसे धैर्य घेऊन परतली. पुढे १९८२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला, बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने बेळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांनाच हे उपचार शिकवून पाहिले आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. हा सारा इतिहास सरकारी अहवालांतून वाचावयास मिळतो. मला त्याहून अधिक मोलाचे वाटते ते या वाटेने जाऊन डॉक्टरही नसलेल्या सामान्य माणसांनी केलेले काम.

गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या संगाथ या संस्थेने, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना थोडक्या मुदतीचे शिक्षण देऊन समुपदेशनास बसवले, तेव्हा या उद्योगाकडे साशंकपणे पाहणारे तज्ज्ञ कमी नव्हते. त्याच विचाराने अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. कपाशीचे पीक, सावकाराचे देणे आणि आत्महत्यांच्या बातम्या यांखेरीज ज्या प्रदेशाचा उल्लेख वर्तमानपत्रांतून क्वचितच होतो, त्या प्रदेशात प्रारंभीच्या पाहणीत उदासीनतेच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी अवघे ४.३ टक्के लोक कोणाची तरी मदत घेत होते. दीड वर्षाच्या कामानंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. अद्यापही जवळजवळ तीन चतुर्थांश लोक मदतीवाचूनच होते, ही गोष्ट त्या आकड्यातच लिहिलेली आहे. तरीही जेथे शंभरांतले चार-पाच लोक तोंड उघडत होते तेथे सत्तावीस उघडू लागले, हा फरक त्या गावांच्या ओट्या-ओसऱ्यांवर घडला होता.

तो कसा घडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. गावातलीच एखादी बाई ओसरीवर येऊन बसते. ती आजाराचे नाव घेत नाही. झोप लागते का, जेवण जाते का, शेतात मन लागते का, एवढेच विचारते. समोरचा माणूस ‘टेन्शन आहे’ म्हणतो, आणि त्या एका शब्दात कर्ज, बोंडअळी, मुलीचे लग्न, भावाशी चाललेला बांधाचा तंटा आणि न कळणारी एक जडता असे सारे एकत्र आवळले गेलेले असते. सुताचा गुंता सोडवणारी बाई जशी ओढाताण न करता आधी एक टोक शोधते, तशी ही बाई त्यातले एक टोक शोधते. काल दिवसभर काय केले, उद्या सकाळी बिछान्यातून उठून निदान कोठवर जाता येईल, पूर्वी काय आवडत असे, या लहानसहान प्रश्नांतून माणसाला पुन्हा हालचालीस लावणे, आणि मोठ्या अडचणीचे आपल्या हातातले व हाताबाहेरचे असे दोन भाग करावयास शिकवणे, हेच त्या समुपदेशनाचे मर्म असते. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने अशाच रीतीने गावातल्या स्वयंसेवकांना तयार केले, लहान बोलपट मोबाईलवर दाखवून बोलणे काढण्याची युक्ती वापरली, आणि त्याबरोबर एक फार शहाणपणाची गोष्ट केली: दुःखी माणसाला सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे हेही त्या स्वयंसेवकांचे काम मानले. विधवेला निराधार योजनेचे अनुदान मिळाले, रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त झाले, तर तिच्या छातीवरचा भार जितका हलका होतो तितका नुसत्या सांत्वनाने होत नाही. तहसील कचेरीतली एक खेप आणि मनाचा उपचार यांचे नाते जोडणारी ही दृष्टी मला कित्येक जाड ग्रंथांहून अधिक शास्त्रीय वाटते.

शहरात याच विद्येचे दुसरे रूप दिसते. कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी आपल्या घरातच स्किझोफ्रेनियाचा अनुभव घेतला होता. तो अनुभव त्यांनी लपवला नाही, आणि १९९७ साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांतून निघाला आणि मराठी प्रेक्षकाने एका रोग्याकडे भीती न बाळगता आणि न हसता दोन तास पाहिले. वाणींच्या त्या संस्थेत रोग्याला शुभार्थी आणि त्याचा सांभाळ करणाऱ्याला शुभंकर म्हणतात. अशा शुभंकरांच्या एका सभेला मी एका स्नेह्याबरोबर गेलो होतो. तेथे बोललेले तेथेच ठेवावयाचे असा दंडक असल्यामुळे मी माणसे सांगत नाही, विषय सांगतो. औषध घ्यावयास नकार देणाऱ्या मुलाशी वाद घालावा की घालू नये. त्याला भिंतीतून आवाज येतात म्हणून तो सांगतो तेव्हा ‘तसे काही नाही’ म्हणावे, की ‘तुला ते ऐकू येते, मला येत नाही’ इतकेच म्हणावे. मुलीचे लग्न ठरवताना धाकट्या भावाच्या आजाराची गोष्ट आधी सांगावी की मागाहून. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी कोणते कागद लागतात. आणि सरतेशेवटी, प्रत्येक म्हाताऱ्या आईबापाच्या ओठांवर असलेला तो एकच प्रश्न, आमच्या मागे याचे कसे व्हायचे. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळत नाही, आणि तरीही त्या खोलीत प्रत्येकाजवळ कोणत्या ना कोणत्या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर होते. एका गृहस्थांनी, मुलगा आठवड्यात दोनदा आपणहून आंघोळीला गेला, असे सांगितले, तेव्हा त्या वार्तेचे मोल जाणणारी तीस माणसे एका ठिकाणी बसली होती. बाहेरच्या जगात त्या पित्याला असे तीन श्रोते मिळाले नसते. चहा आला, बिस्किटे आली, आणि पुढल्या सभेची तारीख ठरवताना एका बाईने बँकेतल्या कामाची अडचण सांगावी इतक्या सहजतेने आपल्या मुलाच्या इस्पितळातल्या तारखेची अडचण सांगितली. ती सहजता त्या सभांची कमाई होती.

या कामाची एक शोभेची बाजूही आहे, आणि तिच्याविषयी चार शब्द बोलले पाहिजेत. १९९२ पासून १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रभातफेऱ्या निघतात, रांगोळ्यांच्या आणि घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, एखाद्या पाहुण्याच्या हस्ते दीपप्रज्वलन होते आणि सकारात्मक विचार करा, हसत राहा, व्यायाम करा असा उपदेश झडतो. उपदेश वाईट नसतो. परंतु ज्याला सकाळी उठून दात घासणे हीच डोंगराएवढी कामगिरी झालेली आहे, त्याला हसत राहण्याचा आदेश देणे, हे माझ्या आजोळच्या त्या आज्ञार्थी वाक्यांच्याच जातकुळीतले आहे. सोहळ्याची कसोटी अकरा तारखेला लागते: त्या प्रभातफेरीत पहिल्यांदा धीर करून ‘मलाही असे होते’ म्हणणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी कोणाच्या दारी जावयाचे हे सांगता आले, तर तो दिवस साजरा झाला म्हणावयाचा. दुसरा धोका याहून मोठा. सामान्य माणसे हे काम करू शकतात, असे सिद्ध होताच सरकारी खजिन्याचे रखवालदार मोठ्या उत्साहाने त्यांची स्तुती करू लागतात, आणि मनोविकारतज्ज्ञाची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवून त्याचे काम तुटपुंज्या मोबदल्यावरच्या आशासेविकेच्या पदरात टाकतात. ज्याला भास होतात, ज्याने जीव देण्याचा बेत मनाशी पक्का केला आहे, त्याला ओसरीवरचे बोलणे पुरत नाही. त्याला औषध लागते, डॉक्टर लागतो, प्रसंगी रुग्णालयही लागते. शिकवलेल्या शेजाऱ्याचे पहिले शिक्षण हेच, की आपले काम कोठे संपते ते ओळखावे आणि त्यापुढे माणसाला हाताला धरून न्यावे.

आणि सान्निध्यालाही मर्यादा असतात. सुनेचे दुःख जेव्हा सासरच्या घरातूनच उपजलेले असते, तेव्हा त्याच आळीत राहणारी, तिच्या सासूबरोबर भिशीत बसणारी स्वयंसेविका कितीही मायाळू असली तरी तिच्यापाशी ती मन मोकळे करील कशी? गावकुसाबाहेर ज्याला ठेवले गेले, त्याने त्याच गावच्या पारावर जाऊन आपली व्यथा मांडावी, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? अशा माणसांना परकेपणाचीच गरज असते. ज्याला आपले नाव ठाऊक नाही, गोत ठाऊक नाही, जो उद्या बाजारात भेटणार नाही, असा कान त्यांना हवा असतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस या दूरध्वनी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-बेरात्री, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते, ते याच कारणाने मला मोठे उपकाराचे वाटते. ज्या अंतराने एकेकाळी रोग्याला माणसांतून उठवले, तेच अंतर येथे त्याचे आडोशाचे ठिकाण झाले. जवळ असणे चांगले आणि दूर असणे वाईट, असा सोपा निवाडा म्हणून मला करता येत नाही. कोणाच्या किती जवळ बसावयाचे आणि केव्हा उठावयाचे, याचा विवेक हाच या साऱ्या उद्योगाचा प्राण आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हा विवेक बराचसा कलमबद्ध केला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गंभीर ताणाखाली होता असेच गृहीत धरावे आणि त्याला शिक्षेऐवजी शुश्रूषा मिळावी, असे तो सांगतो. रोग्याचे सक्तीने मुंडण करू नये, इतक्या बारीक गोष्टीची दखल तो घेतो. आणि एकोणिसाव्या कलमात म्हणतो, की समाजात राहण्याचा प्रत्येक रोग्याला हक्क आहे आणि केवळ घरच्यांनी स्वीकारले नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्यावरून कोणाला संस्थेत डांबून ठेवता येणार नाही. १९१२ च्या हुकूमनाम्यापासून येथवरचा प्रवास लहान नाही. तथापि कायदा दरवाजा उघडण्याचा हुकूम देऊ शकतो; त्या दरवाजातून बाहेर पडलेल्या माणसाला भाड्याने खोली देणारा घरमालक, कामावर ठेवणारा दुकानदार आणि ‘चला, फिरून येऊ’ म्हणणारा सोबती तो निर्माण करू शकत नाही. ते काम गावाचे आणि पेठेचे.

आपल्या नगरपालिका दिवाबत्तीचा, गटारांचा, मोकाट जनावरांचा हिशेब वॉर्डवार ठेवतात, आणि त्यात चूक झाली की नागरिक तावातावाने अर्ज घेऊन जातात. प्रत्येक वॉर्डात ऐकावयास शिकलेली दोन माणसे असावीत, त्यांना योग्य मानधन मिळावे, त्यांच्या पाठीशी आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर असावा आणि शुभंकरांच्या सभेसाठी शाळेची एक खोली महिन्यातून एका संध्याकाळी उघडी मिळावी, एवढी मागणी घेऊन अद्याप कोणता नागरिक कोणत्या कचेरीत गेल्याचे मी ऐकले नाही. खर्च फारसा नाही आणि रीत माहीत झालेली आहे. अमरावतीच्या खेड्यांतून आणि पेठच्या पाड्यांतून ती अजमावूनही झाली आहे. आता उणीव आहे ती अर्जाची, आणि अर्जदार म्हणून खाली उघडपणे आपले नाव लिहिणाऱ्याची.